एक, तीन, सात: कर्नलच्या रांगेत अडकलेली कनेक्शनं

आमच्या सेवेबद्दल तक्रार अशी होती, की अधूनमधून एखादी विनंती फार उशिरा पूर्ण होते. बहुतेक विनंत्या काही मिलिसेकंदांत उरकत होत्या आणि मधूनच एखादी सेकंदभर, कधी त्याहून जास्त अडकत होती. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमच्या नोंदींमध्ये मात्र असं काहीच दिसत नव्हतं. वापरणाऱ्याकडे जिला तीन सेकंद लागले, तीच विनंती आमच्या नोंदीत चार मिलिसेकंदांत संपलेली. दोन्ही आकडे खरे होते. ते एकाच वेळी खरे कसे, याचा माग काढताना मला ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचा, म्हणजे तिच्या गाभ्याचा, नेटवर्कचा भाग पहिल्यांदा मुळापासून समजून घ्यावा लागला. नेटवर्क सेवा चालवणाऱ्या प्रत्येकाने हा भाग एकदा तरी असा डोळ्यांखालून घालावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात आलेखापासून झाली. क्लायंटच्या, म्हणजे सेवा वापरणाऱ्या यंत्राच्या, बाजूने मोजलेले उशीर आम्ही मांडले, तर एक उंचवटा एका सेकंदाच्या किंचित पुढे होता, दुसरा तीन सेकंदांच्या पुढे आणि अगदी बारका तिसरा सातच्या पुढे. मधल्या जागा जवळपास रिकाम्या. यंत्रावर ताण आल्यामुळे होणारा उशीर असा नसतो. तो पसरट असतो, कुणाला अर्धा सेकंद, कुणाला पावणेदोन. उशीर इतक्या नेमक्या जागी साचत असेल तर कुठेतरी टायमर चालू आहे असं धरून पुढे जावं, आणि आम्ही तसंच केलं.

टीसीपी ही दोन यंत्रांमध्ये माहिती खात्रीने पोचवण्याची पद्धत. तिचं कनेक्शन जोडायला तीन पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, लागतात. क्लायंट ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-ॲक’ने उत्तर देतो आणि क्लायंट ‘ॲक’ पाठवून त्याची पोच देतो. पहिल्या सिनला उत्तर आलं नाही तर क्लायंटचा कर्नल एक सेकंद वाट पाहून तोच सिन पुन्हा पाठवतो, मग दोन सेकंद थांबतो, मग चार. सुरुवातीच्या क्षणापासून मोजलं तर एक, तीन आणि सात. ही पहिली एक सेकंदाची मुदत 2011 च्या आरएफसी 6298 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातून आली, त्याआधी ती तीन सेकंद असे. लिनक्स मूळ नेमणुकीप्रमाणे (म्हणजे कुणी बदल केला नसेल तर) सहा वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि 127 सेकंदांनी नाद सोडतो. (6.5 पासूनच्या लिनक्समध्ये पहिल्या काही प्रयत्नांत मुदत दुप्पट होत नाही, त्यामुळे तिथे हेच उंचवटे एक, दोन, तीन असे दिसतील. आमचे क्लायंट त्याहून जुन्या कर्नलवर होते.) या सगळ्या काळात क्लायंटचा प्रोग्रॅम ‘कनेक्ट’ हा एकच सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलकडे मागणी, करून थांबलेला असतो. सिन किती वेळा गेला याचा त्याला पत्ताही नसतो.

इथे दोन घड्याळांचा उलगडा झाला. आमच्या प्रोग्रॅमचं घड्याळ ‘ॲक्सेप्ट’ने कनेक्शन हाती दिलं की सुरू होतं आणि ‘राइट’ परत आलं की थांबतं. पण ॲक्सेप्ट होईपर्यंत कनेक्शन जोडण्याचं सगळं काम कर्नलने आधीच उरकलेलं असतं. आणि राइट यशस्वी झालं याचा अर्थ एवढाच, की उत्तराचे बाइट कर्नलच्या पाठवण्याच्या बफरमध्ये उतरले. ते तारेवर गेले का, पलीकडे पोचले का, हरवले म्हणून पुन्हा पाठवावे लागले का, हे त्यानंतरचं आणि पूर्णपणे कर्नलचं काम. सेवेच्या दोन्ही टोकांना जो वेळ जातो तो प्रोग्रॅमला दिसूच शकत नाही. आम्ही वर्षानुवर्षं ज्या नोंदींवरून सेवेची तब्येत ठरवत होतो, त्या नोंदी कर्नलच्या अलीकडे, प्रोग्रॅमच्या बाजूने लिहिलेल्या होत्या.

मग सर्व्हरवर टीसीपीडम्प लावून पॅकेटं पकडली. उशीर झालेल्या कनेक्शनांचे सिन सर्व्हरपर्यंत वेळेवर पोचत होते. म्हणजे वाटेतलं नेटवर्क निर्दोष होतं. पॅकेट यंत्राच्या दारात आलं होतं आणि यंत्र गप्प राहिलं होतं. सेकंदाने तोच सिन पुन्हा यायचा आणि या वेळी लगेच उत्तर जायचं.

टीसीपीडम्पबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. येणाऱ्या पॅकेटांच्या बाबतीत ते नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरनंतर लगेच, पण फायरवॉलच्या आधी डोकावतं. त्यामुळे तिथे पॅकेट दिसलं म्हणून ते टीसीपीपर्यंत पोचलं असं ठरत नाही. मधे फायरवॉलचे नियम आहेत आणि कनेक्शनांची नोंद ठेवणारा कॉनट्रॅकचा तक्ता आहे. तो तक्ता भरला की कर्नल नवी पॅकेटं टाकून देतो, पण तसं करताना आपल्या संदेशांत ‘तक्ता भरला, पॅकेट टाकतो आहे’ अशी स्पष्ट ओळ लिहितो. आमच्या यंत्रावर तशी ओळ नव्हती. एका सहकाऱ्याला सिनच्या पुराची, म्हणजे मुद्दाम असंख्य सिन पाठवण्याच्या हल्ल्याची शंका आली. असे हल्ले जुने आहेत. सप्टेंबर 1996 मध्ये न्यूयॉर्कमधली पॅनिक्स ही इंटरनेट सेवा अशाच पुराने बंद पडली होती, आणि त्यावर तोडगा म्हणून डॅनियल बर्नस्टाइन यांनी सिन कुकीची, म्हणजे अर्धवट कनेक्शनाची नोंद न ठेवताच सिनला उत्तर देण्याची, कल्पना मांडली. लिनक्समध्ये ती आज आपोआप चालू असते आणि ती कामाला लागली की कर्नल तसंही कळवतो. तो संदेशही आमच्याकडे नव्हता.

उरला तो कर्नलचा टीसीपीचा भाग. या टप्प्यावर मला सर्वांत उपयोगी पडली ती एनस्टॅट ही साधी आज्ञा. टीसीपीच्या आत कुठे काय झालं याचे शेकडो मोजणी-आकडे लिनक्स सतत ठेवत असतो आणि ही आज्ञा ते समोर मांडते. त्यांतले दोन आमच्या कामाचे होते, ‘लिसन-ओव्हरफ्लो’ आणि ‘लिसन-ड्रॉप’. दोन्ही शून्य नव्हते, आणि तक्रारी यायच्या त्या मिनिटांत ते उड्या मारत वाढत होते. कर्नल प्रत्येक टाकलेलं कनेक्शन इमानाने मोजत होता. त्याला विचारायला कुणी गेलं नव्हतं.

त्यानंतर एसएस ही आज्ञा ऐकणाऱ्या सॉकेटांसाठी, म्हणजे नवी कनेक्शनं घेणाऱ्या टोकांसाठी, चालवली. जोडलेल्या कनेक्शनासाठी तिचे आकड्यांचे पहिले दोन रकाने बाइटमध्ये असतात, पण ऐकणाऱ्या सॉकेटासाठी त्यांचा अर्थ बदलतो. पहिला रकाना सांगतो की जोडून झालेली किती कनेक्शनं ॲक्सेप्टची वाट पाहत उभी आहेत, दुसरा सांगतो की जास्तीत जास्त किती उभी राहू शकतात. आमच्याकडे गर्दीच्या क्षणी तिथे 129 आणि 128 दिसलं. मर्यादेपेक्षा एक जास्त कसं, हे पाहून मी थबकले. लिनक्समधली तुलना ‘मर्यादेहून मोठं झालं तर भरली’ अशी आहे, ‘मर्यादेइतकं झालं तर’ अशी नाही, म्हणून प्रत्यक्षात एकाची जागा जास्त मिळते. म्हणजे 129 हा आकडा रांग काठोकाठ भरल्याचाच पुरावा होता.

या रांगांचं जरा थांबून सांगायला हवं, कारण सेवा आणि कर्नल यांच्यातला सगळा व्यवहार इथेच होतो. प्रोग्रॅम ‘लिसन’ हा कॉल करतो तेव्हा कर्नल त्या पोर्टापाशी, म्हणजे सेवेच्या क्रमांकित दारापाशी, दोन टप्प्यांचा हिशेब सुरू करतो. सिन आला पण शेवटचा ॲक यायचा आहे अशी अर्धवट कनेक्शनं एका बाजूला, आणि तिन्ही पॅकेटं होऊन पूर्ण जोडलेली दुसऱ्या बाजूला. ॲक्सेप्ट हा कॉल या दुसऱ्या रांगेतलं सर्वांत पुढचं कनेक्शन उचलून प्रोग्रॅमच्या हाती देतो, एवढंच. जोडण्याचं काम त्याने केलेलं नसतं. ही मांडणी 1983 च्या 4.2 बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या सॉकेटांपासून चालत आली आहे. बँकेत टोकन देणारं यंत्र चालू असतं आणि खिडकीतला माणूस उठून गेलेला असतो, तेव्हा टोकनं मिळत राहतात आणि काम कुणाचंच होत नाही. ही रांग तशी भरते. दुसरी रांग भरली की लिनक्स नवे सिन निमूटपणे टाकून देतो. नकार पाठवत नाही. क्लायंट सेकंदाने पुन्हा येईल, तोवर कदाचित जागा झाली असेल, असा त्यामागचा विचार आहे, आणि क्षणभराच्या गर्दीसाठी तो योग्य आहे.

आमच्या प्रोग्रॅमने लिसनला 1024 ची रांग मागितली होती. मिळाली 128 ची. कारण कर्नलची स्वतःची एक वरची मर्यादा आहे, सोमॅक्सकॉन नावाची, आणि प्रोग्रॅमने तिच्याहून जास्त मागितलं तर कर्नल चूक न दाखवता आकडा खाली आणतो. ही मर्यादा कितीतरी वर्षं 128 होती. 2019 च्या लिनक्स 5.4 मध्ये ती 4096 झाली. आमचं यंत्र त्याआधीच्या कर्नलवर होतं. रेडिससारखं डेटा साठवणारं सॉफ्टवेअर सुरू होतानाच ही तफावत तपासून इशारा छापतं. प्रत्येक सर्व्हर प्रोग्रॅमने तसं करावं अशी माझी ठाम मागणी राहील, कारण ही तपासणी दोन ओळींची आहे आणि तिच्याअभावी लागणारा शोध मात्र फार लांबचा.

मर्यादा वाढवताना दोन अडचणी आल्या. रांगेचा आकार लिसनच्या क्षणी ठरतो, त्यामुळे सोमॅक्सकॉन बदलून चालत्या प्रोग्रॅमला काही फरक पडत नाही. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागतो. आणि हा आकडा प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचा, म्हणजे यंत्राच्या आत वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या कप्प्याचा, वेगळा असतो. सेवा कंटेनरमध्ये (अशा स्वतंत्र कप्प्यात) चालत असेल तर मुख्य यंत्रावर केलेला बदल कंटेनरच्या आत पोचत नाही. मुख्य यंत्रावर नवा आकडा दिसत होता आणि एसएस कंटेनरच्या आत 128 च दाखवत होतं, तेव्हा हे कळलं.

पकडलेल्या पॅकेटांत आणखी एक प्रकार सापडला आणि तो मला या सगळ्यात सर्वांत बोधप्रद वाटला. काही कनेक्शनांत सिन-ॲक वेळेवर गेला होता, क्लायंटचा ॲकही आला होता, पाठोपाठ त्याची विनंतीही आली होती, आणि तरी सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा सिन-ॲकच पाठवत होता, जणू ॲक आलाच नाही. घडत असं होतं: सिन आला तेव्हा रांगेत जागा होती, ॲक येईपर्यंत ती भरली. मग लिनक्स तो शेवटचा ॲक टाकून देतो. क्लायंटच्या दृष्टीने कनेक्शन जुळलेलं आहे, तो विनंती पाठवून उत्तराची वाट पाहतो. सर्व्हरच्या दृष्टीने कनेक्शन अजून अर्धवटच आहे. म्हणजे कनेक्शन जुळलं की नाही या प्रश्नाची दोन्ही कर्नलांकडे वेगवेगळी उत्तरं आहेत आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत. या प्रकारातले उशीर एक-तीन-सातच्या उंचवट्यांत नव्हते, त्यांच्या खालच्या गर्दीत मिसळलेले होते, म्हणून आलेखावरून ते कधीच ओळखू आले नसते. अशा वेळी थेट नकार पाठवण्याची सोय कर्नलमध्ये आहे. ती मूळ नेमणुकीत बंद असते आणि मी ती बंदच ठेवली. क्षणिक गर्दीत क्लायंटला कनेक्शन तोडल्याची चूक दाखवण्यापेक्षा थोडा उशीर पत्करणं आमच्या सेवेसाठी बरं होतं.

रांग मोठी केल्यावर तक्रारी जवळपास थांबल्या. पण मला तिथे थांबायचं नव्हतं. आमच्याकडे गर्दीच्या वेळी दर सेकंदाला साधारण 400 नवी कनेक्शनं येत. त्या वेगाने 128 ची रांग एक तृतीयांश सेकंदात भरते. म्हणजे प्रोग्रॅम कधीकधी तेवढा वेळ ॲक्सेप्ट करतच नव्हता. तो तेव्हा काय करत होता? रांग 4096 ची केली तर याच प्रश्नाचं उत्तर दहा सेकंद पुढे ढकललं जातं, आणि त्या दहा सेकंदांत रांगेत उभे असलेले सगळे तितकेच ताटकळतात.

प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातला संवाद ऐकायला एसट्रेस लावलं. ते प्रत्येक सिस्टीम कॉल टिपतं आणि त्यापायी प्रोग्रॅम बराच मंदावतो, म्हणून एकाच यंत्रावर, भार हलका करून, अगदी थोडा वेळ. ॲक्सेप्ट करणाऱ्या थ्रेडच्या (प्रोग्रॅममधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्याच्या) कॉलांमध्ये उत्तर लगेच दिसलं. प्रत्येक ॲक्सेप्टनंतर एक नवं सॉकेट उघडत होतं, 53 क्रमांकाच्या पोर्टाकडे एक लहान संदेश जात होता, आणि मग ‘पोल’ हा कॉल 5000 मिलिसेकंदांच्या मुदतीने थांबत होता. ही नावं आणि पत्ते यांची सांगड ठेवणाऱ्या डीएनएसची उलटी चौकशी होती. आलेल्या पत्त्याचं नाव काय, हे नोंदीत लिहिण्यासाठी प्रत्येक कनेक्शनाला विचारलं जात होतं. एरवी उत्तर चटकन यायचं. डीएनएस सर्व्हर जरा रेंगाळला की मात्र ॲक्सेप्ट करणारा एकमेव थ्रेड तिथेच उभा राहायचा. नाव शोधण्याचं हे काम लिनक्समध्ये कर्नल करत नाही, सी लायब्ररी करते, प्रोग्रॅमच्याच थ्रेडवर. कर्नलला दिसतं ते एवढंच, की कुणीतरी एक यूडीपी पॅकेट पाठवलं आणि उत्तराची वाट पाहत झोपलं. तिकडे त्याच प्रोग्रॅमच्या दाराशी शंभरावर कनेक्शनं उभी आहेत याचा आणि या झोपेचा संबंध जोडणं हे कर्नलचं काम नाही. ते आपण करायचं असतं.

उलटी चौकशी तिथून काढली; नावं आता नोंदींवर नंतर वेगळ्या प्रोग्रॅमने शोधली जातात. रांगेची लांबी त्यानंतर सतत शून्याच्या आसपास राहू लागली.

एका थ्रेडने सगळं ॲक्सेप्ट करणं ही पद्धतच बदलावी का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. इथे कर्नलनेच गेल्या काही दशकांत पुष्कळ सोयी दिल्या आहेत. जुना ‘सिलेक्ट’ कॉल 1024 वरचे क्रमांक हाताळू शकत नसे आणि दर वेळी सगळी यादी नव्याने तपासत असे. एका यंत्रावर दहा हजार कनेक्शनं कशी सांभाळायची हा 1999 च्या सुमारास गाजलेला प्रश्न होता. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने 2000 मध्ये केक्यू आणला, लिनक्समध्ये डेव्हिडे लिबेंझी यांचं ईपोल 2002 मध्ये आलं. यांत कोणत्या कनेक्शनांत हालचाल झाली त्याची यादी कर्नल स्वतः राखतो आणि तेवढीच प्रोग्रॅमला देतो. 2013 च्या लिनक्स 3.9 पासून एकाच पोर्टावर अनेक प्रक्रियांना स्वतंत्रपणे ऐकता येतं आणि आलेलं कनेक्शन कुणाच्या रांगेत घालायचं ते कर्नल दोन्ही बाजूंचे पत्ते आणि पोर्ट पाहून ठरवतो. ही शेवटची सोय आकर्षक होती, पण मी तिच्या विरोधात मत दिलं. प्रत्येक प्रक्रियेची रांग वेगळी होते. एखादी प्रक्रिया कुठे अडकली तर तिच्या रांगेतली कनेक्शनं तिच्यासोबत अडकून राहतात, शेजारची प्रक्रिया मोकळी असली तरी. आमचा आजार नेमका अडकण्याचाच होता. आम्ही एकच रांग ठेवून तिच्यातून अनेक थ्रेडना उचलू दिलं.

एवढं झाल्यावर आलेखावर एका सेकंदाचा अगदी क्षीण उंचवटा उरला. लिसन-ओव्हरफ्लो आता वाढत नव्हता, त्यामुळे हे दुसरं काहीतरी होतं. या वेळी शोध खाली, कार्डाच्या दिशेने गेला. यंत्राला आठ कोअर होते, पण इंटरप्टच्या (प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्यांच्या) तक्त्यात नेटवर्क कार्डाचे जवळपास सगळे इंटरप्ट पहिल्याच कोअरवर दिसत होते. त्या कोअरवर केसॉफ्टआयआरक्यूडी हा कर्नलचा थ्रेड जवळजवळ पूर्ण वेळ घेत होता, बाकीचे सात निवांत. आलेलं पॅकेट कार्डातून काढायचं, त्यावरची शीर्षकं तपासायची, फायरवॉलमधून न्यायचं, योग्य सॉकेटाशी पोचवायचं, हे सगळं काम त्या एका कोअरवर होत होतं.

प्रत्येक पॅकेटामागे एक इंटरप्ट घेतला तर वेगवान तारेवर प्रोसेसर इंटरप्ट घेण्यापलीकडे काही करूच शकणार नाही. 10 गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान पॅकेटं सलग आली तर ती सेकंदाला सुमारे 1 कोटी 48 लाख असतात, म्हणजे एका पॅकेटाला जेमतेम 67 नॅनोसेकंद. म्हणून लिनक्समध्ये पहिल्या इंटरप्टनंतर कार्डाचे पुढचे इंटरप्ट बंद करून कर्नल पॅकेटं घाऊक उचलतो, ठरावीक संख्या किंवा ठरावीक वेळ संपेपर्यंत. काम उरलं आणि वाटणी संपली तर तो मोजणीत त्याची नोंद करतो. आमच्या यंत्रावर ही ‘वाटणी अपुरी पडली’ची नोंद पहिल्या कोअरसाठी भराभर वाढत होती, आणि कार्डाच्या स्वतःच्या आकड्यांत जागेअभावी टाकलेली पॅकेटंही दिसत होती. त्यांत कधीमधी एखादा सिन असे, आणि तोच तो क्षीण उंचवटा.

चांगल्या कार्डांना अनेक रांगा असतात आणि ती कनेक्शनाप्रमाणे पॅकेटं वेगवेगळ्या कोअरकडे वाटतात. आमचं आभासी यंत्र होतं आणि त्याच्या कार्डाला एकच रांग दिलेली होती. सेवा पुरवणाऱ्याकडून जास्त रांगा मिळेपर्यंत आम्ही कर्नलकडूनच वाटप करून घेतलं. गूगलच्या अभियंत्यांनी दिलेली ही सोय 2010 च्या लिनक्स 2.6.35 पासून आहे. पहिला कोअर पॅकेट फक्त उचलतो आणि पुढची प्रक्रिया दुसऱ्या कोअरकडे सोपवतो. एका फाइलमध्ये कोणते कोअर वापरायचे ते लिहिलं की झालं. भार पसरला आणि कार्डातली गळती थांबली.

बाहेर जाणाऱ्या बाजूचं थोडक्यात सांगते. आमची सेवा प्रत्येक विनंतीला मागच्या डेटाबेसशी नवं कनेक्शन जोडत होती आणि काम झालं की स्वतःच तोडत होती. जो आधी तोडतो त्याच्या कर्नलला ते कनेक्शन ‘टाइम-वेट’ अवस्थेत सांभाळावं लागतं, उशिरा आलेलं जुनं पॅकेट नव्या कनेक्शनात मिसळू नये म्हणून. लिनक्समध्ये ही मुदत 60 सेकंद आहे. बाहेर जाण्यासाठीचे पोर्ट मूळ नेमणुकीत 32768 ते 60999, म्हणजे 28,232. एकाच डेटाबेसच्या एकाच पोर्टाकडे यातून सेकंदाला साधारण 470 हून जास्त नवी कनेक्शनं सतत काढता येत नाहीत. 400 च्या वेगाला आम्ही त्या कड्याच्या अगदी जवळ होतो. जुन्या लिखाणांत यावर ‘टीडब्ल्यू-रीसायकल’ चालू करण्याचा सल्ला हमखास सापडतो. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रं असली की त्यांतल्या काहींचे सिन ही सोय टाकून देत असे, आणि 2017 च्या लिनक्स 4.12 मधून ती काढून टाकली. तो सल्ला देणारी जुनी पानं कुणी वाचत असेल तर तिथे थांबू नये. आम्ही डेटाबेसची कनेक्शनं उघडी ठेवून पुन्हा वापरायला लागलो आणि प्रश्न मिटला.

शेवटचा बदल तपासणीचा होता. आमच्या पुढे असलेला भारवाटप करणारा सर्व्हर दर काही सेकंदांनी प्रत्येक यंत्राच्या पोर्टाशी टीसीपी कनेक्शन जोडून पाहत असे. जुळलं तर यंत्र ठीक. रांगांचं काम समजल्यावर मला या तपासणीची काळजी वाटू लागली, म्हणून चाचणीच्या यंत्रावर आम्ही प्रोग्रॅमला थांबण्याचा सिग्नल पाठवून गोठवलं. तो एकही सूचना चालवत नव्हता. आणि तरी बाहेरून कनेक्शनं व्यवस्थित जुळत होती, एकामागून एक, रांग भरेपर्यंत. हँडशेक, म्हणजे कनेक्शन जोडणारी ती तीन पॅकेटांची देवाणघेवाण, कर्नल करतो, त्याला प्रोग्रॅम जागा असावा लागत नाही. भारवाटप करणारा सर्व्हर त्या गोठलेल्या यंत्राला ठीक समजून विनंत्या पाठवत राहिला, आणि रांग मोठी केल्यामुळे त्याचा हा समज आता आणखी जास्त वेळ टिकत होता.

तपासणी आता कनेक्शन जोडून थांबत नाही. ती एक छोटी विनंती पाठवते, प्रोग्रॅम आपल्या नेहमीच्याच थ्रेडवर तिचं उत्तर तयार करतो, आणि ठरलेल्या मुदतीत ते आलं तरच यंत्र यादीत राहतं. शिवाय लिसन-ओव्हरफ्लो, लिसन-ड्रॉप, वाटणी अपुरी पडल्याची नोंद आणि ऐकणाऱ्या सॉकेटाची रांग हे चार आकडे प्रत्येक यंत्रावरून गोळा होऊन प्रोग्रॅमच्या आलेखांशेजारी दिसतात. पहिले दोन वाढले की रात्रीही निरोप येतो. तिसऱ्यासाठी तेवढी घाई नसते. चौथ्यासाठी योग्य सीमारेषा कोणती, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. माझ्या मते ती लांबीपेक्षा ती लांबी किती वेळ टिकली यावर ठरवायला हवी, आणि सध्या आम्ही तसंच मोजून पाहतो आहोत.